शहाऐंशी ग्रॅमचा दिवा

३ मे, रविवार

आजपासून रोजनिशी. कारण सायकल क्लबातले लोक आकडे विसरतात, आणि आठवतात तेही सोयीचे तेवढेच. माझ्याकडे लेखी असलेलं बरं.

दुपारी बारमध्ये बैठक झाली. जूनच्या शेवटच्या रविवारी गाव्हियाची खिंड, दरवर्षीप्रमाणे. पोन्ते दि लेन्योहून चढायचं, माथ्यावर साविनोनं व्हॅनमधून आणलेला कोंबडीचा रस्सा प्यायचा, पलीकडे सांता कातेरीनाला उतरून जेवायचं. साविनो आमचा अध्यक्ष. गुडघ्याचं कारण सांगून गेली नऊ वर्षं सायकलला शिवलेला नाही. तो सगळ्यांदेखत म्हणाला, प्रोफेसर, यंदा पंचावन्न लागलं ना, व्हॅनमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी आहे, शिवाय तिथे हीटर आहे. सगळे हसले.

मला प्रोफेसर म्हणतात कारण मी आठवीनंतर शाळा सोडली आणि पुढचं सगळं स्वतः शिकलो. टोमणा आहे हे मला कळतं. पण उगाच कुणाला प्रोफेसर म्हणत नाहीत.

संकल्प: यंदा माथा दीड तासात. आजवरची माझी उत्तम वेळ एक तास एकोणपन्नास. ती देन्झोच्या घड्याळावर मोजलेली आहे आणि त्या घड्याळावर माझा कधीच विश्वास नव्हता.

देन्झो माझा जोडीदार. पूर्ण नाव गाउदेन्झिओ, पण एवढ्या लांब नावानं त्याला फक्त पाद्री हाक मारतो. आमच्या क्लबात जोडीनं चढायची रीत आहे. माथ्यावर पोचतो तेव्हा अंग घामानं निथळत असतं आणि पुढे सगळा उतार, त्यामुळे वारा थेट छातीत शिरतो. म्हणून जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालायचं. ते आपलं आपण घालायचं नाही, जोडीदारानं घालायचं. असं का, कुणी विचारत नाही. मी आणि देन्झो तरुणपणापासून जोडी आहोत. त्याची घडी ढिली असते. माझी चार पदरी, कडा जुळवून.

६ मे

आहार सुरू. लोणी, चीज, वाइन बंद.

संध्याकाळी बायकोनं, ओर्नेल्लानं, मक्याच्या पिठाची पोलेन्ता केली होती, वर सिल्तर चीज, कढवलेलं लोणी. तिला आधी सांगितलं नव्हतं ही माझी चूक, तेव्हा शिक्षा तिला नको म्हणून जेवलो. लोण्याशिवाय पोलेन्ता म्हणजे भिंतीचा गिलावा. आहार उद्यापासून.

७ मे

वजन कमी करण्याचं काम शास्त्रीय पद्धतीनं हाती घेतलं. माझ्या हार्डवेअरच्या दुकानातल्या खिळे तोलायच्या काट्यावर सायकलचा एकेक भाग काढून तोलला. काटा ग्रॅमपर्यंत अचूक आहे, मी स्वतः दुरुस्त केलेला. बाटलीचा स्टँड बदलला. सीटखालची पिशवी काढली. एकूण बचत ३१२ ग्रॅम. ओर्नेल्लानं विचारलं, आणि तुझं स्वतःचं वजन? तिला सांगितलं, काटा पंचवीस किलोपर्यंतच जातो, त्यामुळे तो भाग या हिशोबात धरता येत नाही.

दोन गिऱ्हाइकं थांबून निघून गेली. एकाला बिजागरी हवी होती. येईल परत.

१० मे, रविवार

देन्झोबरोबर तोनालेच्या खिंडीपर्यंत सराव. निकाल उत्साहवर्धक. तो दर दोन-तीन वळणांनी थांबून खोकत होता आणि प्रत्येक वेळी मी त्याला मागे टाकलं. एकूण सहा वेळा मागे टाकलं. मधल्या वेळात तो पुढे कसा येत होता याचा अभ्यास करायला हवा. बहुधा वारा.

वर कॉफी पिताना तो बोगद्यांच्या गोष्टी सांगत बसला. त्यानं तीस वर्षं बोगदे खणले, स्वित्झर्लंडमध्ये, नंतर इकडे. मला म्हणाला की तुम्हा दुकानवाल्यांना अंधारातली सभ्यता माहीत नसते. बोगद्यात कुणी आडोशाला उकिडवा बसलेला असायचा, पोट बिघडलेलं, किंवा कुणी घरचं पत्र आल्यावर भिंतीकडे तोंड करून रडत असायचा. तेव्हा समोरून येणारा माणूस आपल्या हेल्मेटवरचा दिवा विझवायचा, अंदाजानं चालत पुढे जायचा, आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा लावायचा. कुणी कुणाला पाहिलं नाही. नंतर जेवताना दोघं शेजारी बसायचे.

मी विचारलं की अंधारात ठेच लागून पडलं तर जबाबदार कोण. तो हसायला लागला आणि मग पुन्हा खोकला.

१४ मे

देन्झोची बायको पिएरा पडद्याचा दांडा घ्यायला आली. माप चुकीचं आणलं होतं, चार सेंटिमीटरनं. मी खिडकीच्या चौकटीवरून बरोबर माप काढून दिलं.

दांडा कापेपर्यंत तिनं सांगितलं की देन्झोच्या फुप्फुसात काहीतरी सापडलं आहे. ६ जुलैला ब्रेशाला ऑपरेशन. डॉक्टरांनी बजावलंय की तोपर्यंत सर्दी-ताप काही व्हायला नको. ताप आला तर ऑपरेशन पुढे जाईल, आणि आतलं ते काही थांबणार नाही. पण हा माणूस ऐकत नाही. म्हणतो, एकदा गाव्हिया चढतो आणि मग कापा काय कापायचं ते. डॉक्टर म्हणाले की चढण एक वेळ चालेल, छाती मजबूत आहे, भीती वरच्या थंडीची.

मग तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "एर्मेते, तू त्याच्याबरोबर राहा. वर उभं राहू देऊ नकोस त्याला. कागद घाल आणि तसाच खाली आण. दुसऱ्या कुणाचं तो ऐकणार नाही."

मी म्हटलं, काळजी करू नकोस. दांड्याबरोबर स्क्रू फुकट दिले.

आजकाल अशी ऑपरेशनं किरकोळ झाली आहेत. माझ्या मेहुण्याचा हर्निया एका दिवसात झाला.

१९ मे

खिंड उघडली. साविनो गाडीनं जाऊन बघून आला. माथ्यावर अजून बर्फाच्या भिंती, रस्ता ओला.

आहार: वाइन सुरू केली. रक्ताला लागते.

३० मे, शनिवार

दुकान बंद करायच्या वेळी देन्झो आला. खंगलेला दिसत होता. मला सांगायचा मुद्दा असा की मीही दोन किलोनं उतरलोय असं ओर्नेल्लाला न विचारता मला वाटतं.

तो रंगाच्या डब्यावर बसला आणि म्हणाला, "हळू जाऊ. वेळ किती का लागेना. फक्त बरोबर जाऊ, एर्मेते. यंदा मला वर एकट्यानं पोचायचं नाहीये."

हात पुढे केला. मी हातावर हात दिला.

ओर्नेल्ला आतून सगळं ऐकत होती. जेवताना म्हणाली की आता ते दीड तासाचं खूळ डोक्यातून काढ. वचन मी दिलंय आणि पाळणार आहे. पण बरोबर जाणं म्हणजे काय हे नीट पाहायला हवं. एकाच दिवशी, एकाच डोंगरावर, एकाच बाजूनं. मी आधी पोचलो तर वर त्याची वाट पाहीन, कागद तयार ठेवीन. उलट त्याच्यासाठी ते सोयीचंच. त्याला थांबावं लागणार नाही. पिएराचंही हेच म्हणणं होतं.

शिवाय मला शंका आहे की त्याला माझी तयारी कळली आहे.

७ जून, रविवार

सराव रद्द. पाऊस. मागच्या खोलीत सायकल रोलरवर चढवून एक तास. रोलरवरून घसरून ऑइलपेंटच्या डब्यांवर पडलो. नुकसान: एक डबा, हिरवा. सायकल शाबूत.

देन्झो पावसात गेला नाही. खबरदारी घेतोय. बघा.

१३ जून

अंतिम वजन-योजना. जर्सीच्या खिशातलं सगळं तोललं.

पावसाळी जॅकेट: २१० ग्रॅम. २८ तारखेला हवा स्वच्छ असणार असा माझा अंदाज. काढलं.
फोन: १४०. चढताना कोण कुणाला फोन करतो? काढला.
दिवा: ८६. इथे विचार करावा लागला.

माथ्याच्या खाली बोगदा आहे. आत एकही बल्ब नाही, वळण आहे, चढ तसाच, वरून पाणी गळतं. दिव्याशिवाय कुणी चढायचं नाही असा क्लबाचा नियम. पण देन्झोकडे चांगला मोठा दिवा आहे. त्याच्या उजेडात दोघं जाऊ शकतो. मग लक्षात आलं की त्या वेळी मी त्याच्या पुढे असणार. यावर दोन दिवस विचार केला. डोळ्यांना अंधाराची सवय होते, ती करता येते. गाजरं खायला सुरुवात.

१६ जून

तळघरात सराव. दार लावून, दिवा घालवून, सायकलवर. वाइनच्या मोठ्या काचेच्या बाटल्या आणि बटाट्याची पोती यांच्यामधून सरळ रेषेत. तिसऱ्या फेरीत ओर्नेल्लानं दार उघडून बल्ब लावला. काही क्षण बघत राहिली. म्हणाली की बटाटे हवे होते. बटाटे घेतले, बल्ब तसाच ठेवून गेली.

एक बाटली फुटली. त्यातली वाइन तशी आंबटच होती.

२१ जून, रविवार

देन्झोला तिसऱ्यांदा सांगितलं की दिव्याची बॅटरी नीट चार्ज कर, नाहीतर बोगद्यात दगा देईल. तो म्हणाला की प्रोफेसर, दिव्याच्या बाबतीत मी तीस वर्षांत कधी चुकलो नाही. तुझा दिवा आहे ना? मी आहे म्हटलं. आहेच. दुकानात, दुसऱ्या कप्प्यात.

२७ जून, शनिवार

सगळं तयार. उद्या सर्वांत जुनी जोडी म्हणून आम्ही शेवटी निघणार, तो मान आहे. साविनो बाकीच्या आठ जणांना पाठवून मग व्हॅन घेऊन पुढे जाईल, रस्सा तापवायला. आमच्या मागे कुणी नाही.

ओर्नेल्लानं जॅकेट खिशात कोंबलं. मी काढलं. तिनं पुन्हा कोंबलं. ती झोपायला गेल्यावर काढलं.

पेपर घेतला. देन्झोच्या छातीसाठीचा मी न्यायचा, माझ्यासाठीचा त्यानं. चार पदरी घडी. वजन ९४. हे मात्र काढता येत नाही. त्याचा आहे.

२८ जून, रविवार, पहाट

नाडी उत्तम. गाजरं दोन. निघतो.

२८ जून, संध्याकाळ

घरी. ब्लँकेटमध्ये. बोटं अजून वाकत नाहीत, अक्षर त्यामुळे.

क्रमानं लिहितो.

खाली ऊन. सांत आपोल्लोनियाच्या वस्तीपर्यंत बरोबर गेलो. देन्झो सावकाश, एका लयीत, गप्पा मारत. त्याचं बोलणं म्हणजे माझा वेळ खाण्याची युक्ती, हे माझ्या लक्षात आलं होतं. जंगलात रस्ता अरुंद होतो आणि चढ एकदम अंगावर येतो. तिथे माझे पाय आपोआप चालायला लागले. मी काही ठरवून पुढे गेलो नाही. मागून त्यानं हाक मारली. दोनदा. चढावर मागे वळून बघितलं की तोल जातो.

झाडं संपेपर्यंत मी बराच पुढे. वळणावरून खाली पाहिलं तेव्हा तो छोटासा दिसत होता, पिवळ्या जर्सीत. घड्याळाप्रमाणे दीड तास शक्य. मग ढग आले. मग पायात गोळे. गाजरांचा परिणाम असावा.

बोगदा. मी आत शिरलो. तळघरापेक्षा वेगळा आहे. तळघरात चढ नाही. उजेड मागे गेला आणि वळणापाशी संपलाच. पुढे काय, भिंत कुठे, रस्ता कुठे, काही नाही, फक्त गळणाऱ्या पाण्याचा आवाज, तो सगळीकडून. हँडल कशाला तरी लागलं. मी डाव्या अंगावर पडलो.

उठलो. पुन्हा बसायचा प्रयत्न केला. चढावर, अंधारात, बूट पेडलमध्ये अडकवायचा म्हणजे पेडल दिसायला हवं. तीनदा पडलो. मग भिंतीला टेकून उभा राहिलो. तांत्रिक विश्रांती.

थंडी फार होती. किती वेळ ते माहीत नाही, घड्याळ दिसत नव्हतं.

मग खालून खोकला ऐकू आला.

वळणावर आधी ओल्या भिंतीवर उजेड आला. हळूहळू वर सरकत. मी सायकल आडवी ओढली आणि भिंतीला चिकटलो. उजेड रस्त्यावर आला, माझ्या बुटांपासून दहा-एक पावलांवर. मग माझ्या चाकावर.

आणि विझला.

बॅटरी. तीनदा सांगितलं होतं.

तो अंधारात तसाच येत राहिला. श्वास ऐकू येत होता, शिट्टी वाजल्यासारखा. कापराच्या तेलाचा वास आला, तो छातीला चोळतो तो. हाताच्या अंतरावरून गेला. थांबला नाही. मी बोललो नाही. एवढ्या उंचीवर बोलण्यात प्राणवायू वाया जातो.

पुढे बऱ्याच अंतरावर दिवा पुन्हा लागला. सैल संपर्क असतो तेव्हा असं होतं, धक्क्यानं लागतो.

मी मागे फिरलो. कारण चेनची एक कडी संशयास्पद वाटत होती. संशयास्पद चेनवर पुढे जाणं बेजबाबदारपणाचं.

उतारावर जॅकेट हवं होतं. त्याचा पेपर माझ्याच खिशात होता, पण तो मला घालता येत नव्हता. मी रीत मोडत नाही. खाली बारमध्ये कडक ग्राप्पाचे दोन पेले घेतले, तरी पेला दातांवर वाजत होता. मालकानं विचारलं, बाकीचे? म्हटलं वर. त्यानं फोन पुढे केला. साविनोचा नंबर मला पाठ नाही, तो माझ्या फोनमध्ये असतो, आणि फोन घरी.

घरी येऊन झोपलो. ओर्नेल्ला तिच्या बहिणीकडे होती.

आता खाली साविनोची व्हॅन थांबल्याचा आवाज येतोय.

२९ जून

साविनो काल आला तो बसलाही नाही. दारातूनच विचारलं, कुठे होतास. सांगितलं, चेन गेली.

मग त्यानं सांगितलं. देन्झो वर पोचला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं रस्सा घेतला नाही. माथ्यावरच्या निवाऱ्याच्या आतून रस्ता दिसत नाही म्हणून बाहेर उभा राहिला. वारा, पाऊस, मध्येच बर्फाचे कण. साविनो म्हणाला, चल, मी तुझा कागद घालतो. तो म्हणाला, माझा कागद एर्मेतेकडे आहे. साविनोनं दुसरा पेपर दिला. तो हातात धरून उभाच. साविनो म्हणाला की अरे, प्रोफेसर खाली गेला असेल. तर म्हणे, नाही, येतोय तो, थोडा थकलाय, पण येईल. मी त्याला सांगून ठेवलंय.

तास होऊन गेला. शेवटी साविनोनं व्हॅन घेऊन बोगद्यापर्यंत पाहून आल्यावर त्याला ओढून आत घातलं. ओठ निळे पडले होते.

सांता कातेरीनाला कुणी नीट जेवलं नाही.

साविनोनं एवढंच विचारलं, तुझी चेन नेमकी कुठे गेली? मी म्हटलं, बोगद्याच्या खाली, शेवटच्या वळणावर. तो म्हणाला की मग देन्झो तुझ्या समोरूनच गेला असणार. मी म्हटलं, मी झाडीत होतो. तो म्हणाला, तिथे झाडं नाहीत.

३० जून

देन्झोला ताप.

चेन तपासली. कडी खरोखरच कमजोर आहे, भिंगातून दिसते. अशी चेन आज ना उद्या तुटणारच. पुरावा नीट असावा म्हणून दुकानातल्या हत्यारानं तिचं जे व्हायचं होतं तेच केलं. दोन तुकडे. पिशवीत ठेवले.

२ जुलै

बारमध्ये गेलो. चेन टेबलावर ठेवली. साविनोनं उचलून पाहिली, त्याच्या बोटांना ताजा कापलेला धातू लागला असेल. बाकीचे पत्ते खेळत होते, त्यांनी माना वर केल्या नाहीत. कुणीही प्रोफेसर म्हटलं नाही. एर्मेते म्हटलं. मला ते विचित्र वाटलं.

मग साविनोनंच सांगितलं की तो सकाळी ब्रेशाला, देन्झोला ठेवलंय त्या दवाखान्यात, जाऊन आला. कुणी न विचारताच देन्झो म्हणाला म्हणे, एर्मेतेची चेन बोगद्याच्या खाली तुटली, मी पाहिलं, त्यानं मला हात करून पुढे जायला सांगितलं. साविनोनं पुन्हा विचारलं, नक्की? तर म्हणाला, चेन त्याच्या हातात लोंबत होती.

तापात माणसाला काहीही आठवतं. पण मुद्द्याला धरूनच आठवलं.

साविनोनं चेन पिशवीत घालून मला परत दिली. म्हणाला, ठेव. घरी लावून ठेव भिंतीवर.

६ जुलै, सोमवार

ऑपरेशन आज नाही. ताप उतरलेला नाही. न्यूमोनिया.

ओर्नेल्ला रोज दुपारी पिएराकडे जाते. मला म्हणत नाही, चल. मीही दुकान टाकून जाऊ शकत नाही. आज तीन गिऱ्हाइकं आली, एकालाही हवं ते मिळालं नाही. बिजागरीवाला आला होता. बिजागऱ्या कुठे ठेवल्या ते आठवेना.

१४ जुलै

संकल्प: उद्या ब्रेशाला जाणे.

१५ जुलै

गाडीचा टायर.

१९ जुलै, रविवार

ओर्नेल्लानं सकाळी माझे बूट दारापाशी आणून ठेवले. टायर बदललेला होता, तिनंच गॅरेजमध्ये नेला असणार.

दवाखान्यात सहावा मजला. देन्झो खिडकीजवळ. नाकात नळ्या. हसला, म्हणाला, प्रोफेसर, किती वाजता पोचलास? मी म्हटलं अकरा दहा. तो म्हणाला की वाईट वेळ नाही.

त्याच्या उशाशी तो पेपर होता, साविनोनं वर दिलेला. अजून तशाच ढिल्या घडीचा. पावसानं फुगलेला. तारीख २८ जून. मी म्हटलं, जुना आहे, टाकून देऊ? तो नको म्हणाला.

खिडकी पूर्ण बंद होत नव्हती, फटीतून वारा येत होता. तो म्हणाला, थंडी वाजते रे. आणि तो पेपर हातात घेऊन माझ्याकडे धरला. सदऱ्याची वरची दोन बटणं त्यानं आधीच सोडली होती.

मी खिडकी पाहिली. कडीचा स्क्रू सैल होता. खिशात नेहमी छोटा स्क्रूड्रायव्हर असतो. घट्ट केला. खिडकी आता नीट बसते, तीन वेळा उघडून पाहिली.

वळलो तेव्हा त्यानं पेपर पुन्हा उशाशी ठेवला होता आणि बटणं लावत होता. एक बटण लागत नव्हतं. ते पिएरानं लावलं.

निघताना तो म्हणाला, "पुढच्या वर्षी दिवा ने बरोबर." पिएराला कपाटातून त्याचा दिवा काढायला सांगितलं. मी म्हटलं की याची बॅटरी खराब आहे, दुरुस्त करून देतो. तो म्हणाला, असेल.

पिएरा लिफ्टपर्यंत आली. डॉक्टरांनी छातीचे पुन्हा फोटो काढले. आता ऑपरेशन करणार नाहीत. उपयोग नाही म्हणाले. घरी न्या, म्हणाले. मी विचारलं, कधी न्यायचं, गाडी लागेल का. ती म्हणाली, साविनोची व्हॅन येतेय. हीटर आहे तिच्यात.

तिनं माझं मनगट धरलं नाही.

२ ऑगस्ट, रविवार

देन्झो घरी आहे. रस्त्यावरून जाताना खिडकीतून दिसतो, पडदा उघडा असला तर. दांडा सरळ बसलाय.

ओर्नेल्ला म्हणाली की दिवा तरी नेऊन दे, तेवढं कारण पुरे. म्हटलं, आधी दुरुस्त करू दे. अर्धवट काम मी देत नाही.

दुपारी तळघरात नेला, अंधारात दोष लवकर दिसतो म्हणून. चार्ज केला नव्हता. त्या दिवसानंतर कुणीच केला नसावा. लावला. लागला. बटाट्याच्या पोत्यावर ठेवला. जेवून आलो, चालू. संध्याकाळी चर्चची घंटा झाली तेव्हा पाहिलं, चालू.

हलवला. आपटला. पाण्याखाली धरला. उलटा करून ठोकला. विझत नाही. उघडला. संपर्क स्वच्छ, तांबं चकचकीत, बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली.

मग कळ पाहिली. कळ घट्ट आहे. अंगठ्यानं जोर लावून दाबावी लागते, हातमोजा असेल तर आणखी. धक्क्यानं दाबली जाणार नाही. आपोआप विझणं शक्य नाही.

वजन केलं. त्याचा जड आहे, १९० ग्रॅम.

मी कळ दाबली. विझला. तसाच बसलो, पोत्याला टेकून.

वर पावलं वाजली. ओर्नेल्लानं दार उघडून विचारलं, "एर्मेते, आहेस का?"

मी भिंतीकडे तोंड केलं.

तिनं बल्ब लावला.